ट्रॅक्टरची वही

नव्या ट्रॅक्टरबरोबर एक जाडसर पुस्तिका मिळते. बहुतेक घरांत ती प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटात, कर्जाच्या कागदांखाली जाऊन बसते. आमच्या घरी ती स्वयंपाकघरातल्या फडताळात असते आणि तिच्या पानांवर ग्रीसचे डाग आहेत. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या आम्हाला यंत्रातले फार कळते असे नाही. पण वाचता येते, आणि घरच्या देखभालीचा मोठा भाग वाचून, पुसून आणि लिहून ठेवूनच होतो.

नोकरी बारामतीत, शेती इंदापूर तालुक्यात. पूर्वी सगळा ऊसच होता. त्यातल्या दोन एकरांत द्राक्षे लावली, तेव्हा मोठा ट्रॅक्टर बागेत शिरेना. ओळींमधले अंतर नऊ फूट, त्यात वरून फांद्यांचा मांडव. म्हणून २४ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला. आता आपल्याकडे असे बरेच दिसतात. महिंद्राचा युवराज तर १५ अश्वशक्तीचाच. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात जानेवारीत कृषिक प्रदर्शन भरते, तिथेही या लहान यंत्रांभोवती माणसे रेंगाळतात. किंमत सगळे विचारतात. एअर क्लीनर कसा उघडायचा हे फारसे कोणी विचारत नाही.

द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कोवळे घड बाहेर पडत असताना पाऊस झाला, की केवडा येतो. फवारणी लगेच लागते. अशा सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर मेकॅनिकला फोन करून उपयोग नसतो, कारण त्या दिवशी त्याला दहा ठिकाणांहून बोलावणे असते. आमच्याकडे कर्जाचा हप्ता, मुलींची फी आणि अम्मींची औषधे, सगळे त्या घडांवर लटकलेले आहे.

फज्रनंतर अब्बा आधी ट्रॅक्टरकडे जातात. सपाट जागेवर, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालून पाहायची. रेडिएटरमधले पाणी बघायचे. इंजिन तापलेले असताना झाकण कधीच उघडायचे नाही. पुढची जाळी ब्रशने झाडायची, कारण बागेतला वाळका पाला आणि फवाऱ्याचा थर तिथेच बसतो आणि इंजिन तापते. टायरवर नजर, खाली गळती आहे का ते पाहणे. दहा मिनिटांचे काम.

खरी काळजी धुळीची. रोटाव्हेटर चालतो तेव्हा ट्रॅक्टर स्वतःच्याच धुळीत असतो, आणि इंजिन तीच हवा ओढते. बारीक माती आत गेली की सिलिंडर आणि रिंगा पॉलिश पेपरने घासल्यासारख्या झिजतात. मग धूर वाढतो, ऑइल कमी होऊ लागते आणि एक दिवस इंजिन खोलावे लागते. आमच्या ट्रॅक्टरला ऑइलचा एअर क्लीनर आहे. खालची वाटी काढायची, तळाशी चिखल बसला असेल तर ऑइल टाकून द्यायचे, वाटी डिझेलने धुऊन नवे ऑइल खुणेपर्यंत भरायचे. खुणेच्या वर नको, ते इंजिनात ओढले जाते. धुळीच्या दिवसांत हे रोज पाहावे लागते.

दुसरे, डिझेलमधले पाणी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते, म्हणून भाईजान संध्याकाळीच टाकी भरून ठेवतात. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी अधूनमधून सोडायचे. फिल्टर बदलला की हवा काढावी लागते: स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे, बुडबुडे थांबून नुसते डिझेल आले की आवळायचे. आमची पुतणी नववीत असताना हे शिकली. तिच्याइतक्या धीराने ते काम घरात दुसऱ्या कुणाला जमत नाही.

ऑइल बदलणे दिवसांवर नाही, मीटरवरच्या तासांवर ठरते. यासाठीच वही. अब्बा उर्दूत लिहितात, म्हणजे शेवटच्या पानापासून पुढे येतात: ग्रीस, ऑइल, बॅटरीचे पाणी. भाईजान पहिल्या पानापासून मराठीत: डिझेल, फवारणी, तास. कुठल्या तासाला काय करायचे ते पुस्तिकेत पाहून आम्ही लाल शाईने आधीच लिहून ठेवतो. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, शेजाऱ्याचे ऐकू नये.

आणखी एक. बोर्डोची फवारणी झाली की ट्रॅक्टर आणि ब्लोअर त्याच संध्याकाळी धुवायचा. मोरचूद लोखंड खाते. धुऊन झाल्यावर निपल पुसून ग्रीस भरायचे. न पुसता भरले तर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. डिझेल पंप, क्लच प्लेट आणि हायड्रॉलिकला मात्र आम्ही हात लावत नाही. ते मिस्त्रीचे काम.

आता माताभगिनींसाठी, कारण ब्लोअरची टाकी भरायला पुष्कळदा घरातल्या बायकाच उभ्या असतात. ब्लोअर फिरवणारा पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचे टोक अडकले तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. आमच्या माहितीतल्या एका गड्याच्या गळ्यातला टॉवेल असाच ओढला गेला; टॉवेल जुना होता, फाटला, म्हणून मान वाचली. त्या दांड्यावरचे प्लास्टिकचे कव्हर ग्रीस भरताना अडचण होते म्हणून काढून टाकलेले आम्ही कितीतरी ठिकाणी पाहिले आहे. आमचे फुटले तेव्हा नवे येईपर्यंत भाभींनी ब्लोअर चालवू दिला नाही. एक फवारणी पाठीवरच्या पंपाने करावी लागली आणि भाईजान दोन दिवस धुसफुसत होते. आता दांड्याजवळ जायचे तर आधी इंजिन बंद, आणि चावी भाभींच्या हातात.