खिशातला स्क्रू

दुरुस्तीला आलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर मी आधी गाणं लावत नाही. स्पीकर काढतो, इनपुट शॉर्ट करतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला जोडलेल्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर मल्टिमीटरची टोकं टेकवतो. १० मिलिव्होल्ट दिसले, तर साधारण ४५ मिलिअँपिअर वाहतायत. मग जीव भांड्यात पडतो.

गाणं नसताना करंट कशाला? शिकत होतो तेव्हा मलाही ही उधळपट्टीच वाटायची. पण बेस-एमिटरवर ०.६ व्होल्टच्या आसपास मिळाल्याशिवाय सिलिकॉन ट्रान्झिस्टर हलत नाही. आउटपुटच्या जोडीतला एक लाटेचा वरचा भाग उचलतो, दुसरा खालचा. दोघंही झोपलेले असले, की एकाकडून दुसऱ्याकडे जाताना लाटेत खाच पडते. मोठ्या आवाजात ती लपते. हळू आवाजात तंबोरा लावून बघा, सूर खरवडल्यासारखा येतो. म्हणून दोघांना कायम थोडं जागं ठेवायचं. यालाच बायस म्हणायचं.

ट्रान्झिस्टर आवाज मोठा करतो, हेही तसं अर्धंच खरं. एनपीएन प्रकारात एमिटरमधून निघालेले इलेक्ट्रॉन कलेक्टरकडे ओढले जातात. मधला बेस इतका पातळ, की शंभरातला एखादाच तिथे अडकतो. त्या एखाद्याची भरपाई बेसचा करंट करतो. तो जरा वाढला-घटला, की बाकीचे त्याच पटीत वाढतात-घटतात. ताकद सगळी पॉवर सप्लायची. (शंभर हा आकडा ढोबळ. बीसी ५४७बी हा ट्रान्झिस्टर घ्या, ही पट, म्हणजे गेन, २०० ते ४५० काहीही निघतो. त्यावर विसंबून सर्किट बांधणाऱ्यांचं मला नवल वाटतं.)

पुस्तकात नळाची उपमा असते. पण नळ तापला म्हणून जास्त उघडत नाही, ट्रान्झिस्टर उघडतो. दर अंशाला त्याची व्होल्टेजची गरज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते. करंट वाढला की उष्णता, उष्णतेने आणखी करंट. म्हणून बायस ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर आउटपुटच्याच हीटसिंकवर कसतात. सिंक तापलं, की तोही व्होल्टेज उतरवतो.

हे सगळं ठाऊक असून एका गणपतीत, घाईत, तो बायसचा ट्रान्झिस्टर, बीडी १३९, मी वायरवर लोंबकळत ठेवला. दुकानात टेबलावर सगळं छान. मंडपात तासाभरात फ्यूज उडाला. उघडलं तर हीटसिंकला हात लावता येईना, आउटपुटची जोडी शॉर्ट, आणि बीडी १३९ थंडगार. त्याला बिचाऱ्याला काही कळलंच नव्हतं.

स्क्रू माझ्या शर्टाच्या खिशात निघाला.