शाई वाळण्याआधी

बडोद्यात मे महिन्यात गुलमोहर पेटलेला असतो आणि दुपारचे रस्ते ओस पडलेले असतात. ऊन कलल्याशिवाय शहाणं माणूस उंबरठा ओलांडत नाही. पण सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत वर्षातली सगळ्यात मोठी धांदल नेमकी याच दिवसांत असते. कुणी शिडीवर चढून दिव्याचं तोंड वळवतंय, कुणी पाणसळ धरून चौकट सरळ करतंय, शिल्पविभागाच्या अंगणात चौघं मिळून प्लास्टरची भलीमोठी आकृती सावलीकडे सरकवताहेत. परीक्षा आहे. इथली परीक्षा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बांधली जात नाही. ती भिंतीवर लागते, आणि परीक्षकांबरोबर गावालाही दिसते. मुलं तिला नुसतं ‘डिस्प्ले’ म्हणतात.

मी चित्रकार नाही. दांडिया बाजारातल्या मराठी घरात वाढले आणि जन्मभर नोकरी केली ती आकड्यांची. तरी हा डिस्प्ले माझ्या वर्षातला एक सण आहे. मुंबई-दिल्लीच्या नामांकित दालनांत मी गेले आहे, भारावूनही गेले आहे. पण चित्र तिथे पोचतं तोवर त्याचं सगळं ठरून गेलेलं असतं: नाव, किंमत, मोठेपणा. विद्यापीठाच्या दालनात यातलं काहीच ठरलेलं नसतं. ज्यानं काम केलं तो विशी-बाविशीचा मुलगा शेजारीच उभा असतो. त्याच्या नखांत रंग असतो, आणि आपण काय पुटपुटतो याकडे त्याचा कान असतो. कुणाचा तरी विचार अजून चालू आहे आणि आपल्याला त्यात पाऊल ठेवायची मुभा मिळाली आहे, ही भावना मला दुसऱ्या कुठल्याही भिंतीसमोर इतक्या तीव्रतेनं आली नाही.

ही मुभा या गावाला आपोआप मिळालेली नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले दादासाहेब फाळके पुढे तिथेही शिकले. राजवाड्यासाठी राजा रविवर्म्यानं चित्रं केली, कीर्तिमंदिराच्या भिंती नंदलाल बसूंनी रंगवल्या. चित्र पाहायची सवय गावाला होती, पण दरबारानं निवडून दिलेलं पाहायची. मग १९४९ मध्ये विद्यापीठ झालं आणि पुढच्याच वर्षी, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, ललित कला विद्याशाखा उघडली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवायला आले, शंखो चौधुरी शिल्पकला. शांतिनिकेतनात घडलेले के. जी. सुब्रमण्यन लवकरच त्यांना येऊन मिळाले. या गुरुजनांनी स्वतःची कामं विद्यार्थ्यांच्या कामांशेजारी लावली. पन्नासच्या दशकातल्या ‘बडोदा ग्रूप ऑफ आर्टिस्ट्स’मध्ये बेंद्रे आणि त्यांचे शिष्य एकाच प्रदर्शनात दिसत. शिक्षकानं स्वतःचं काम विद्यार्थ्याच्या नजरेसमोर ठेवायचं, यात केवढा धीर आहे! मला वाटतं, इथली पहिली खरी शिकवण तीच असावी.

साठच्या दशकात इथे फाईन आर्ट्स फेअर सुरू झाली. नावाप्रमाणे ती जत्राच होती. सुब्रमण्यनांसारख्या कलावंतानं तिच्यासाठी लाकूड, कातडं, मणी यांची खेळणी केली आणि गावातली पोरं ती हातात घेऊन पाहू लागली. नवरात्रात या आवारात गरबा चालतो, तोही गावाला आपलाच वाटतो. ज्या अंगणात आपण नाचलो, ज्या अंगणातून लाकडी वाघ घरी नेला, तिथल्या दालनात शिरताना माणूस बिचकत नाही. कलेचं शिक्षण गावाला असंच मिळतं, आधी पायांना आणि हातांना, मग डोळ्यांना.

एका डिस्प्लेत मुद्राचित्रण विभागात एक मुलगी आपल्या वडिलांना काम दाखवत होती. नंदुरबारकडचे शेतकरी होते. पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. जस्ताच्या पत्र्यावर आम्लानं कोरून काढलेलं तिचं चित्र होतं दादरच्या कापणीचं. दादर म्हणजे खानदेशातली रब्बीची ज्वारी. वाकलेल्या बायका, हातांत विळे, मागे पेंढ्यांच्या रांगा. वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बाई, या सगळ्या डावऱ्या कशा गं?”

मुलगी चमकली. पत्र्यावर काढलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं. तिथला उजवा हात इथे डावा होतो. हे तिला पक्कं माहीत होतं, पण काढताना लक्ष रेषेत गुंतलेलं. एवढ्या लोकांनी ते चित्र पाहिलं होतं. विळा कुणी नीट पाहिला नव्हता. “आप्पा, चला,” म्हणत ती त्यांना छापखान्यात घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. तिनं पत्र्यावर शाई चोळली, तलम कापडानं हलक्या हातानं पुसली, ओलसर कागद वर ठेवला आणि यंत्राचं चाक वडिलांना फिरवायला दिलं. कागद उचलल्यावर त्यांनी पत्रा एका हातात धरला, छाप दुसऱ्यात, आणि आलटून पालटून दोन्हीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “मग आता सगळं परत करशील?” ती म्हणाली, “नाही आप्पा. पुढच्या पत्र्यावर लक्ष ठेवीन. हे असंच राहू दे.”

व्याख्यानं, परिसंवाद, कलावंतांशी गप्पा, शाळेच्या मुलांसाठी कार्यशाळा, हे सगळं विद्यापीठाच्या दालनात व्हायलाच हवं, आणि मी होईल तितकं ऐकायला जाते. अंधाऱ्या खोलीत दोन चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी उजळतात आणि शिकवणारा एकाकडून दुसऱ्याकडे आपली नजर चालवत नेतो, तेव्हा मलाही वाटतं की आपण आत्ता कुठे पाहायला लागलो. पण लोकांसाठी कार्यक्रम म्हणजे काय, ते मला त्या छापखान्यात पुरतं कळलं. चित्राचं तंत्र मुलीकडे होतं, कापणीचं ज्ञान वडिलांकडे, आणि त्या पाच मिनिटांत दोघंही एकमेकांचे विद्यार्थी झाले होते. बाहेरचा माणूस दालनात येतो तो रिकामा येत नाही.

भूपेन खख्खर हेच सांगून गेले. मुंबईचे सनदी लेखापाल. १९६२ मध्ये इथे कलासमीक्षा शिकायला आले आणि पुढेही हिशेबाचं काम करत राहिले. त्यांच्या चित्रांत घड्याळ दुरुस्त करणारा आला, शिंपी आला, गावातली साधी माणसं आली. लंडनच्या टेट मॉडर्ननं २०१६ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आकड्यांत आयुष्य घालवलेल्या मला या माणसाचा विशेष जिव्हाळा वाटतो. दिवसा ताळेबंद लिहिणारा हात संध्याकाळी शिंप्याचं दुकान रंगवू शकतो, हे त्यांच्यामुळे माझ्या गावाला ठाऊक आहे.

आणि नसरीन मोहम्मदी. त्यांनी इथे १९७२ पासून १९९० मध्ये जाईपर्यंत शिकवलं. कागदावर शाईच्या आणि पेन्सिलच्या बारीक रेषा. ना माणूस, ना झाड, ना घर. अलिबागजवळच्या किहीमचा किनारा त्यांना प्रिय होता. त्यांच्या रेषांकडे पाहताना ओहोटीनंतरची वाळू मला आठवते, आणि मग तीही विरून जाते. उरतं ते फक्त अंतर, एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंतचं. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली मेट ब्रॉयर हे कलासंग्रहालय उघडलं ते ज्या प्रदर्शनांनी, त्यांत एक नसरीनबाईंचं होतं. पण त्याच्या कितीतरी आधी बडोद्यात कुणीतरी अठरा वर्षांचं पोर त्यांच्यासमोर आपली वाकडी रेषा घेऊन उभं राहत होतं.

विद्यापीठाच्या भिंतीला भांडणही झेपलं पाहिजे. १९८७ मध्ये बहुतेक केरळातून आलेल्या तरुण कलावंतांनी याच विद्याशाखेत ‘क्वेश्चन्स अँड डायलॉग’ हे प्रदर्शन मांडलं. कलेला बाजारातली वस्तू करण्याविरुद्धचा त्यांचा जाहीरनामा अनिता दुबे यांनी लिहिला होता. त्या इथेच कलासमीक्षा शिकल्या. २०१८ च्या कोची बिएनालेची आखणी त्यांनीच केली. प्रश्न विचारायला जागा मिळाली की माणूस कुठवर जातो, याचा हा पुरावा आहे.

ती जागा हिरावली जाते तेव्हा काय होतं, हेही आम्ही पाहिलं. मे २००७ मध्ये परीक्षेसाठी लावलेल्या कामांवरून बाहेरची माणसं आवारात घुसली आणि एका विद्यार्थ्याला अटक झाली. विद्यार्थ्यांनी या घुसखोरीला उत्तर दिलं ते प्रदर्शनानंच. कलेतिहास विभागाच्या संग्रहातून भारतातल्या आणि जगातल्या शृंगारिक शिल्पचित्रांच्या प्रतिमा काढून त्यांनी भिंतीवर लावल्या, की पाहा, ही आपली परंपरा आहे. ते प्रदर्शन बंद करायला प्रभारी अधिष्ठात्यांनी नकार दिला आणि त्यांना निलंबित करण्यात आलं. त्या दिवसांची जखम अजून ठसठसते. चित्र आवडलं नाही तर बोलावं, लिहावं, करणाऱ्याला समोरासमोर विचारावं. शिकणाऱ्याच्या हाताला भीती शिकवली तर त्याची रेषा कायमची दबते, आणि ते नुकसान एकट्या त्याचं नसतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परक्या गावचं वाटू नये. खख्खर आणि बडोद्याचेच चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्याबरोबर १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात सुधीर पटवर्धन होते. ठाण्यात डॉक्टरकी करत रंगवणाऱ्या या चित्रकारानं पुढे समकालीन भारतीय चित्रांचं एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवलं, ज्या शहरांत अशी मूळ चित्रं सहसा पोचत नाहीत तिथे. चित्र लोकांपर्यंत नेलं पाहिजे, ही तळमळ त्यामागे होती. आणि प्रत्येक वेळी चित्रांनीच प्रवास करायला हवा असंही नाही. मुंबईत जे. जे. आहे, पुण्यात अभिनव आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालयं आहेत, पणजीत गोवा कला महाविद्यालय आहे. मुलं वर्षभर राबून जे करतात ते तिथे भिंतीवर लागतं, आणि आपण मात्र पुढच्या रस्त्यावरून भाजी घेऊन निघून जातो.

म्हणून माझी विनवणी आहे. आपल्या गावच्या कलाशाळेचं प्रदर्शन लागेल तेव्हा जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना न्या, पोरांना न्या, ज्याला चित्रातलं काही कळत नाही असं तुम्हाला वाटतं त्याला तर आवर्जून न्या. न कळलेल्या कामासमोर थोडं जास्त थांबा आणि करणाऱ्याला मोकळेपणानं विचारा. विद्यापीठानं आपलं दार उघडं ठेवावं, हा आपला हक्क आहे. उघड्या दारातून आत जाणं हे आपलं काम आहे. आपल्या मातीतला पुढचा चित्रकार आज पहिल्यांदा भिंतीसमोर उभा आहे, आणि त्याला प्रेक्षक हवा आहे, तो आत्ताच.