थंड हवेच्या गावी, म्हाताऱ्या सोबत्यासह

वाचकहो, पनवेलची थंडी ती काय! खाडीकाठचे हे आमचे गाव. डिसेंबरातही पहाटेपुरती शाल पांघरावी आणि नऊ वाजता घडी करून ठेवावी. येथील माणसांना खऱ्या थंडीची सवय नसते, तशी येथील कुत्र्यांनाही नसते. हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि वेळेवर आठवणे यांत अंतर असते.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, ऐंशी ओलांडलेल्या आईला घेऊन आम्ही महाबळेश्वरला निघालो. अकरा वर्षांच्या मोतीला मागे ठेवले असते, तर ती आलीच नसती. वडील गेल्यापासून तो तिच्या पायाशी झोपतो आणि त्याशिवाय तिला झोप लागत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेच असेल. म्हणून कुत्र्याला न्यावे की नाही, हा वाद मी घालीत नाही. न्यायचे तर कसे, एवढेच सांगतो.

गोवा महामार्गावर कर्नाळ्याचा सुळका मागे पडला, की पेण, माणगाव, महाड करीत पोलादपूर येते आणि तेथून आंबेनळी घाटाची वळणे सुरू होतात. निघण्यापूर्वी तीन-चार तास मोतीला जेवण दिले नव्हते, पाणी मात्र थोडे थोडे देत होतो. घाट निर्विघ्न पार पडला. छातीच्या पट्ट्याने त्याला मागच्या आसनाशी बांधले होते. दर दोन तासांनी आम्ही थांबलो. आईच्या पायांत रक्त साकळू नये आणि मोतीचे आखडलेले सांधे मोकळे व्हावेत, असा दुहेरी हेतू होता. जेवायला उतरताना त्याला बंद गाडीत ठेवले नाही. काचा लावलेली गाडी हिवाळ्याच्या उन्हातही झपाट्याने तापते.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच. वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या पहाटे दवाचे हिमकण होतात. आमचा मोती गावठी, अंगावर तोकडे केस. संध्याकाळी ओल्या गवतातून फिरून आला आणि कुडकुडू लागला. निवासाच्या रखवालदाराने आपुलकीने पेटलेली कोळशाची शेगडी खोलीत आणून ठेवली. आई म्हणाली, "असू दे रे, मुक्या जिवाला ऊब मिळेल." दारे-खिडक्या बंद होत्या. पंचवीस वर्षांहून अधिक काळ रुग्ण तपासणारा मी, 'अर्धाच तास' असे मनाशी म्हणून जेवण आणायला गेलो.

परतलो तेव्हा मोती शेगडीपासून दूर, दाराच्या फटीशी पडलेला होता. उठवला तर पाय लटपटले आणि तो ओकला. आई म्हणाली, "माझंही डोकं जड झालंय. प्रवासाने असेल." ते प्रवासाने नव्हते. मी दोघांना तत्काळ मोकळ्या हवेत आणले, शेगडी बाहेर काढायला लावली आणि आईला रुग्णालयात नेऊन प्राणवायू सुरू करवला. सकाळपर्यंत दोघेही सावरले. चूक सर्वस्वी माझी होती.

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो आणि शरीर आतून गुदमरते. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे; झोपलेल्या माणसाला ती कळतही नाहीत. म्हणून बंद खोलीत शेगडी नको, माणसासाठी नको आणि कुत्र्यासाठीही नको.

मग ऊब द्यावी कशी? प्रथम अंग कोरडे करावे; ओल्या केसांतून उष्णता वेगाने निघून जाते. पंजांच्या बोटांमधली जागाही पुसावी. गार फरशीवर जाड सतरंजी, तिच्यावर घरचेच जुने अंथरूण घालावे. ओळखीच्या वासाने जनावर शांत झोपते. अंगात लोकरीचे कपडे असावेत, पण रात्रभर ओलसर राहू देऊ नयेत. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच द्यावी. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या आजोबांना आणि म्हाताऱ्या कुत्र्याला चटका बसलेला वेळेवर कळत नाही.

कुत्र्याचे तापमान आपल्याहून अधिक, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते ९९ च्या खाली गेले, किंवा कुडकुडणे थांबून तो सुस्त पडला, तर बरे वाटले असे समजू नका. लगेच पशुवैद्य गाठा. कण्हतो म्हणून आपल्या डब्यातील पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन त्याला देऊ नका. ती त्याला विषासारखी ठरू शकतात. चॉकलेट आणि मनुकाही वर्ज्य.

निघण्यापूर्वी रेबीजच्या लसीची नोंद तपासा. फिरवताना साखळी मनगटाला गुंडाळू नका. माकड दिसताच कुत्रा झेपावतो आणि पडतात आजी. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे महिनोन्‌महिने अंथरूण. अंधार पडल्यावर त्याला मोकळे सोडू नका. त्या रानात बिबट्या आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे पुन्हा त्याच घाटाने गेलो. सामानात एक सतरंजी आणि दोन टॉवेल अधिक होते. रखवालदाराने या वेळीही शेगडी पेटवली, पण ती अंगणात. तिच्याभोवती आम्ही घटकाभर बसलो आणि मग ती तेथेच ठेवून आत आलो. मोती आईच्या पायाशी झोपला आणि आईही झोपली.