भाता

दादांनी बोलेरो घेतली ती 2004 साली. हळदीचे थोडे, उसाचे थोडे, बाकी सोसायटीचं कर्ज. वाईच्या खाली कृष्णाकाठी आमची जमीन. रान बागायती, पण माल घाटावर नेला तर चार पैसे जास्त. पाचगणीला शाळांची बोर्डिंगं आहेत, हॉटेलं आहेत. वाटाणा, घेवडा, कोबी तिथं रोज लागतो. मध्ये फक्त पसरणीचा घाट. वाई समुद्रापासून सातशे मीटरच्या आसपास आणि पाचगणी तेराशेच्या आसपास. बारा-तेरा किलोमीटरात एवढं चढायचं. त्याआधी आमच्याकडं जुनी जीप होती, ती निम्म्या घाटात पाणी मागायची. बोलेरो मात्र अडीच लिटरचं टर्बो इंजिन घेऊन आली आणि पहिल्याच फेरीला शिट्टी वाजवत वर गेली. दादा म्हणाले, "हिला दमा न्हाई."

दादा 2021 च्या एप्रिलात गेले, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. साताऱ्याला त्यांना मीच नेलं, याच गाडीतून. त्यावर मी जास्त लिहीत नाही. ज्या घरात ते घडलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्यात घडलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही.

पुढं गाडी मी चालवत राहिलो, पण ती दादांच्याच नावावर होती. 2024 चा जानेवारी आला आणि गाडीनं अंग काढलं. सपाटीला ठीक, घाटाला लागली की दुसऱ्या गिअरमध्ये रडायची. मागं काळा धूर असा, की मोटरसायकलवाले लांब राहायचे. शिट्टीच्या जागी फुसफुस ऐकू यायची. त्यातच गाडीला वीस वर्षं होत होती. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग पाच-पाच वर्षांनी पासिंग करून वाढवून घ्यावी लागते. जूनमध्ये पासिंग होतं. असा धूर घेऊन कोण पास करणार?

एका गॅरेजात दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, दोनदा रेस केलं आणि सांगितलं, "टर्बो गेला. नवा टाका, पस्तीस हजार." भंगारवाला संपूर्ण गाडीचे चाळीस हजार द्यायला तयार होता. पुतण्या शिरवळला कंपनीत कामाला आहे, रविवारी घरी येतो. तो म्हणाला, "तात्या, इकून टाकू. हप्त्यानं छोटा टेम्पो घिऊ."

हिशोबानं तो चुकीचं बोलत नव्हता. पण वहिनी ओट्यावर बसल्या होत्या, त्या उठून आत गेल्या. मी म्हणालो, "मला तीन रईवार दे. मग काय ते ठरवू."

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. इंजिनाचं शिक्षण विहिरीवरच्या डिझेल पंपानं दिलं. त्या पंपावर शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे धुराचा रंग बघायचा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता जातंय, नाहीतर पाणी शिरलंय. काळा म्हणजे डिझेल भरपूर आणि हवा कमी. आपला धूर काळा होता. म्हणजे वारं कुठं अडतंय किंवा कुठं गळतंय, ते आधी बघायला पाहिजे. टर्बो मेला असंल तर तो नंतर सापडंलच.

ज्यांनी टर्बो पाहिला नाही त्यांनी लोहाराचा भाता डोळ्यासमोर आणावा. कोळसा तोच, पण भाता मारला की विस्तव पांढरा होतो. फरक एवढाच, की लोहाराच्या भात्याला माणूस लागतो, हा भाता इंजिनाच्या धुरावरच चालतो. सायलेन्सरकडं जाणारा गरम धूर एका पंख्यावर आदळतो. त्याच दांडीवर दुसऱ्या बाजूला दुसरा पंखा. तो फिल्टरमधली हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून डिझेल नीट जळतं आणि ताकद येते. दांडी मिनिटाला लाखभर फेरेसुद्धा घेते, आणि तिला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. पुतण्यानं मोबाईलवर वाचून सांगितलं, की आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनिअरनं 1905 साली याचं पेटंट घेतलं. मी म्हणालो, "त्याच्या गावातबी घाट असणार."

पहिल्या रविवारी एअर फिल्टरचा डबा उघडला. आत उंदरानं संसार मांडलेला. शेंगांची टरफलं, पोत्याचे धागे, आणि फिल्टरच्या घड्यांत हळदीची धूळ घट्ट बसलेली. हळद शिजवून पॉलिश करतो त्या शेडमध्येच गाडी उभी असते. फिल्टर नवा आणला आणि डब्याच्या तोंडाला तांब्याची जाळी बसवली.

मग गार इंजिनावर टर्बोच्या तोंडाचा होज काढला आणि बोटानं पंखा हलवून बघितला. पाती सगळी शाबूत. आडवा किंचित हलला. तेवढा हलतोच, कारण ऑइल भरल्यावर ती फट भरून निघते. आत-बाहेर ओढून बघितला, तर अजिबात हलला नाही. कडेला कुठं घासल्याची खूण नाही. बैलाचे दात बघावेत तसं हे आहे, वय तिथं कळतं. मी पुतण्याला म्हणालो, "हा गडी मेलेला न्हाई. ह्याचं वारं कुणीतरी मधीच चोरतंय."

टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंत जाणारी नळी वरून नीट दिसत होती. गॅरेजात गाडी जागेवर रेस केली होती, पण चढाला इंजिनावर भार येतो तेव्हा नळीत दाब भरतो आणि तेव्हाच चीर तोंड उघडते. म्हणून होजसकट सगळी नळी काढली. एका तोंडाला ठिबकच्या पाइपाची टोपी, दुसऱ्याला टोपीत बसवलेला ट्यूबचा वॉल्व्ह, दोन्हीकडं क्लॅम्प. पंक्चरच्या पंपानं हलकी हवा भरली आणि नळी गुरांच्या हौदात बुडवली. खालच्या होजच्या पोटातून, क्लॅम्पच्या अगदी कडेनं, बुडबुड्यांची ओळ निघाली. चीर चार बोटं लांब. म्हैस हौदाशी उभी होती, ती सुद्धा बघायला लागली. पस्तीस हजाराचं दुखणं ते एवढं.

होज पाण्याचा चालत नाही, उष्णता आणि दाब सोसणारा जाड पदराचाच लागतो. तो साताऱ्याहून आणला.

दुसऱ्या रविवारी ऑइलकडं वळलो. टर्बोला ऑइल पोचवणारी बारीक नळी खोलली, आत काळा कोळसा धरलेला. गाडी घाट चढून आली की टर्बो तापून लाल असतो. तशीच बंद केली तर ऑइल फिरायचं थांबतं आणि जागच्या जागी जळून कोळसा होतो. नळी डिझेलमध्ये भिजवून साफ केली, हवा मारली, तांब्याचे नवे वॉशर घातले. ऑइल परत सोडणारी खालची जाड नळीही मोकळी केली, ती तुंबली तर ऑइल पंख्याच्या बाजूनं बाहेर येतं. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला. टर्बोच्या भोकात थोडं ऑइल ओतलं, डिझेल तोडून नुसता सेल मारला, आणि ऑइल वर पोचल्याची खात्री झाल्यावरच इंजिन सुरू केलं. लाखभर फेऱ्यांची दांडी कोरडी फिरवायची नसते.

चारी नोझल पंपवाल्याकडं तपासायला दिले. तीन चांगले फवारत होते, चौथा थेंब टाकत होता. त्याची टीप बदलली. टॅपेट फीलर गेजनं कंपनीच्या मापाला लावले.

तिसऱ्या रविवारी पुतण्याचं आणि माझं वाजलं. त्याच्या मित्रानं सांगितलेलं, की पंपाचा स्क्रू अर्धा आटा फिरवला की गाडी उडते. सील तोडायला पान्हा हातात घेऊनच तो आला. मी म्हणालो, "उसाला युरिया जास्ती टाकला तर काय हुतं?"

"काळाभोर दिसतो."

"आन् वारं सुटलं की?"

"लोळतो."

"मग ठेव तो पाना खाली." डिझेल वाढवलं आणि हवा तेवढीच राहिली तर परत काळा धूर, वर धुराची उष्णता वाढून हेड आणि टर्बो दोन्ही जायला मोकळे. ट्यूनिंग म्हणजे नवी ताकद घालणं नव्हे. होती ती ताकद अडवून धरणारं एकेक काढून टाकणं.

त्यानं पाना ठेवला, पण राग गेला नव्हता. बोनेटकडं बघत म्हणाला, "तात्या, तुमाला ही गाडी दिसती. मला मागची शीट दिसती. आबा तिथं निजलं हुतं." मग मला कळलं, की त्याला टेम्पो नको होता, ही गाडी दारात नको होती. तीन वर्षं तो पोरगा तिच्यात बसला नव्हता आणि आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

बोलायला काही सुचेना. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्या म्हणाल्या, "तुज्या आबानी तीत सतरा वरसं काडली. तू त्यातला एकच दिस धरून बसलायस." कप ठेवला आणि मागचं दार उघडून त्या स्वतः मागच्या शीटवर बसल्या. "चला, घाटात. बगू तर."

पुतण्यानं किल्ली माझ्याकडं मागितली. पसरणीच्या पहिल्या चढाला त्यानं गिअर बदलला आणि शिट्टी आली. आधी बारीक, मग भरदार. दत्ताच्या देवळापर्यंत तिसरा गिअर सुटला नाही. आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. कुणी काही बोललं नाही.

पीयूसीला जुन्या डिझेल गाडीला पासष्ट एचएसयूची मर्यादा आहे, आमची अडतीसवर आली. सगळा खर्च पाच हजाराच्या आत बसला. वारसाची कागदपत्रं करून गाडी वहिनींच्या नावावर केली, जूनमध्ये पासिंग झालं, हरित कर भरला. आता 2029 पर्यंत चिंता नाही. त्या वेळी गाडी पंचवीस वर्षांची होईल आणि मी सत्तरीला टेकेन, आमच्यातलं कोण पास होतंय ते बघू.

जुनी टर्बो गाडी ज्यांच्या दारात आहे त्यांना एवढंच सांगतो. फिल्टर वेळेवर बदला, ऑइल लांबवू नका, वर्षातून एकदा होज खालून हात फिरवून बघा. आणि चढ चढून आलात की इंजिन लगेच बंद करू नका. दोन मिनिटं तसंच मंद चालू द्या, दांडी निवते.

पुतण्या आता रविवारी माल घेऊन घाटावर जातो. आला की शेडमध्ये गाडी लावतो, इंजिन मंद चालू ठेवतो आणि स्टिअरिंगवर हात ठेवून आतच बसून राहतो. कधी कधी ती दोन मिनिटं पाच होतात. मी घड्याळ लावत नाही.