नव्या मोटारसायकलीसोबत काय घ्यावे?

कापूस बाजारात जाऊन त्याचा हिशेब हाती आला, की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील खेड्यांतून नव्या मोटारसायकली दिसू लागतात. हार घातलेली गाडी मंदिराच्या दाराशी आणून घरची मंडळी आशीर्वाद मागतात, आणि आम्हीही तो आनंदाने देतो. कारण आमच्याकडे मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. बेला किंवा जैनथच्या बाजूच्या एखाद्या वाडीतून बियाणे आणावयाचे असो, लेकीला शाळेत सोडावयाचे असो, की आजारी माणसास जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात न्यावयाचे असो, घरातील गाडीच उपयोगी पडते.

तथापि अशा वेळी एक गोष्ट आमच्या नजरेस वारंवार येते. गाडीला चकचकीत लेगगार्ड असतो, बैठकीवर रंगीत आवरण असते, टाकीवर चित्रे चिकटविलेली असतात. हेल्मेट एकच असते, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीसकट आरशाला टांगलेले. आणि मागे बसून आलेल्या घरधनिणीच्या डोक्यावर साडीच्या पदराखेरीज काहीही नसते.

गाडी खरेदी करताना दुकानदार जोडसामानाची एक लांबलचक यादी पुढे करतो. ती वाचताना प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न विचारावा : ही गाडीला जपते, की गाडीवरच्या माणसाला? लेगगार्ड वाईट नाही. गाडी सावकाश आडवी झाली तर पाय तिच्याखाली सापडू नये एवढा त्याचा उपयोग खचित आहे. बैठकीचे गुळगुळीत आवरण मात्र ब्रेक दाबताच माणसास पुढे घसरविते. ते न घेतलेलेच बरे. लाखाच्या आसपास पैसे मोजून झाल्यावर उरलेल्या दोन-तीन हजारांचे काय करावे हा प्रश्न आहे, आणि आमच्या मते ते सर्वच्या सर्व माणसांवर खर्च करावेत.

हेल्मेट हे काही सरकारने दंड वसूल करण्यासाठी काढलेले खूळ नव्हे. त्याच्या मागे एक इतिहास आहे. अरबस्तानातील लढायांमुळे प्रसिद्धीस आलेला इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी आपल्या घराजवळच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून जात होता. सायकलवरची दोन मुले चुकविताना तो फेकला गेला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी तो मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यविशारद होता. पुढे महायुद्धात निरोप पोहोचविणारे सैनिक मोटारसायकलवरून पडून मरू लागले, तेव्हा केर्न्सने अशा जखमींचा पद्धतशीर अभ्यास केला व १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सर्वसाधारण नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये तसा कायदा मात्र १९७३ साली आला.

हेल्मेटचे काम कसे चालते हे समजले म्हणजे ते कसे निवडावे हेही समजते. वरचे कठीण कवच आघात एका ठिकाणी एकवटू देत नाही, तो पसरविते. आतला थर्मोकोलसारखा जाड थर स्वतः चेपला जातो व डोक्यास बसणारा धक्का आपल्यावर घेतो. खरे रक्षण या आतल्या थराचे आहे. रस्त्याच्या कडेला शे-दोनशे रुपयांस जी टोपली मिळते, तिच्यात तो थर नसतो किंवा नावापुरता असतो. १ जून २०२१ पासून आपल्या देशात आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट बनविणे व विकणे बेकायदेशीर आहे. चिन्हाबरोबर आयएस ४१५१ हा आकडाही पाहून घ्यावा. तसे हेल्मेट हजार-दीड हजारांत मिळते. हनुवटी झाकणारे, पूर्ण तोंडाचे असेल तर उत्तम, कारण पडणारा माणूस टाळूवरच पडतो असे नाही.

दुकानात जाण्यापूर्वी शिंप्याच्या फितीने भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर मोजावा, व तेवढ्या सेंटिमीटरचे हेल्मेट मागावे. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. दोन्ही हातांनी हेल्मेट हलविले असता कपाळाची कातडीही त्याबरोबर हलली, म्हणजे ते नीट बसले. मोकळे, ऐसपैस हेल्मेट आरामाचे वाटते खरे, पण पडण्याच्या क्षणी ते डोक्यावर राहत नाही. पट्टा न लावलेले तर मुळीच राहत नाही. गाडीच्या किल्लीला संत ख्रिस्तोफरचे पदक अडकविण्याची चाल आमच्या पुष्कळ घरांत आहे. ती सुंदर आहे. पण हनुवटीखालचा पट्टा आवळण्याचे काम त्या प्रवाशांच्या संताने ज्याचे त्याच्यावरच सोपविलेले दिसते.

आता मागे बसणाऱ्याविषयी. २०२२ साली आपल्या देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा रस्त्यावर मृत्यू झाला, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतील १४,३३७ जण गाडी चालवीत नव्हते. ते मागे बसले होते. कुणाची आई, कुणाची पत्नी, कुणाचा धाकटा भाऊ. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम चालवणाऱ्याइतकेच डबलसीट बसणाऱ्यासही लागू आहे, पण कायद्याची गोष्ट बाजूस ठेवू. मागे बसणाऱ्यास पुढचा खड्डा दिसत नाही, ब्रेक केव्हा लागणार हे ठाऊक नसते, आणि आमच्या भगिनी पुष्कळदा एका बाजूस दोन्ही पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसतात. धरावयास हात तरी कोठे मोकळा असतो? अंबाडा बांधलेल्या डोक्यावर हेल्मेट बसत नाही ही त्यांची तक्रार खरी आहे. यावर उपाय एवढाच, की हेल्मेट घेण्यास त्यांनाच दुकानात न्यावे व केस मानेवर सैल बांधून ते घालून पाहावे. नवऱ्याने आपल्या मापाने आणलेले दुसरे हेल्मेट घरात खुंटीवरच राहते.

साडीगार्ड हे जोडसामान नव्हे. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, धरण्यासाठी मूठ व पायदान हे कारखान्यानेच द्यावे, असा केंद्रीय नियम आहे. तरुण मुले गाडी देखणी दिसावी म्हणून साडीगार्ड काढून टाकतात. त्यांच्या वडिलांनी तो परत बसवून घ्यावा. पदर, ओढणी किंवा उपरणे चाकात गेले तर ते माणसास खाली ओढते, आणि गळ्याभोवती असले तर काय होते हे लिहावयास नको. बसण्यापूर्वी पदर कमरेला खोचावा. चार वर्षांखालील मुलास चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा लावावा, नऊ महिन्यांपुढील मुलास लहान हेल्मेट घालावे, व असे मूल बरोबर असता ताशी ४० किलोमीटरपेक्षा वेग ठेवू नये, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. असा पट्टा आम्ही आमच्या भागात अद्याप कोणाच्या अंगावर पाहिलेला नाही.

आमच्या जिल्ह्याच्या हवामानाचाही विचार केला पाहिजे. केसलापूरला पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते, त्या दिवसांत पहाटेची थंडी बोटे बधिर करून टाकते, आणि बधिर बोटांना ब्रेकची दांडी वेळेवर सापडत नाही. म्हणून हातमोजे घ्यावेत. ते उन्हाळ्यातही घालावेत, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो व तळव्याची सालडी निघाली तर महिनाभर शेतीचे काम बुडते. दस्ती तोंडाला बांधली तरी डोळे उघडेच राहतात; हेल्मेटची काच खाली असावी, आणि ती पांढरी असावी. काळी काच रात्री आंधळे करते. ओरखडे पडलेली काचही तसेच करते, विशेषतः पैनगंगेच्या पुलापासून निर्मळकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर समोरून मालमोटारींचे दिवे येऊ लागले म्हणजे. उटनूर, इंद्रवेल्लीकडच्या जंगलातील रस्त्यांवर अंधार पडल्यावर रानडुकरे व रोही आडवे येतात. तेथे कोणतेही सामान उपयोगी नाही, वेगच कमी ठेवावा लागतो.

पावसाळ्यासाठी पायजमा व सदरा असा दोन तुकड्यांचा रेनकोट घ्यावा. अंगावर फडफडणारे प्लॅस्टिक नको. आमच्या काळ्या मातीच्या चिखलात वहाण पायदानावरून निसटते, तेव्हा घोटा झाकणारे बूट हवेत. शेताचे जाड बूटही चालतील.

कर्कश सायलेन्सर, डोळे दिपविणारे जादा दिवे, काढून ठेवलेले आरसे यांविषयी आम्ही अधिक लिहीत नाही.

कागदपत्रांतील एक बाब मात्र घरी बसून तपासावी. विम्यात मालक-चालकास पंधरा लाखांचे अपघात-संरक्षण मिळते, पण ते गाडी ज्याच्या नावावर आहे व ज्याच्यापाशी चालू परवाना आहे त्यालाच. आमच्या घरांतून गाडी बापाच्या नावावर असते आणि चालवितो मुलगा. मग ते संरक्षण मुलास लागू होत नाही, व बापापाशी परवाना नसेल तर त्यासही नाही. जो रोज चालविणार त्याचा परवाना आधी काढावा आणि गाडी त्याच्याच नावावर घ्यावी, किंवा त्याच्यासाठी वेगळा अपघात-विमा उतरवावा.

शेवटी हेल्मेटविषयी एक राहिले. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला थर चेपलेला असतो, व चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. ते धाकट्या भावास देऊ नये, गड्यासही देऊ नये. त्याचा पट्टा कात्रीने कापून टाकावा, म्हणजे कोणी चुकूनही ते डोक्यावर घालणार नाही.