पक्कं बिल द्या

“बिल पाहिजे का?” हा प्रश्न दुकानदार अलीकडे अशा सुरात विचारतात की त्यात ‘नको’ हे उत्तर धरूनच चाललेलं असतं. ठाण्याचा गोखले रोड घ्या, डोंबिवलीचा फडके रोड घ्या, नाहीतर आमच्या कल्याणचा शिवाजी चौक, सूर तोच. मी “हो, पाहिजे” म्हणते. मग गल्ल्यावरचा माणूस नाइलाजाने बटण दाबतो, मागच्या रांगेत कुणीतरी सुस्कारा टाकतं आणि माझी मुलगी जरा लांब जाऊन उभी राहते. पैसे फोनवरून गेले, नोंद फोनमध्ये राहिली, विषय संपला, असं तिचं म्हणणं. चिटोऱ्या कशाला जमवायच्या?

तिचं अगदीच चुकतं असं मी म्हणणार नाही. लक्ष्मी मार्केटमध्ये मेथीची जुडी घेताना मी कुठे पावती मागते? भाजीवालीच्या टोपलीमागचा तो बोलका डबा रक्कम ओरडून सांगतो, ती मान हलवते, मी पुढे जाते. सरकारचाही अशा किरकोळ खरेदीसाठी हट्ट नाही. दोनशे रुपयांच्या आतला माल असेल आणि गिऱ्हाइकाने बिल मागितलं नसेल, तर जीएसटीच्या नियमाप्रमाणे दुकानदाराने दिवसअखेरीस सगळ्याचं मिळून एकच बिल केलं तरी चालतं. लोकलच्या तिकिटाचंही तसंच. तिकीट फोनवर काढता येऊ लागलं त्याला दहा वर्षं उलटून गेली. टीसीने हटकलं की फोन पुढे करायचा. बॅटरी संपलेली असली की मात्र आपण विनातिकीट, आणि तिथे कुठलीही सबब चालत नाही.

खरी गंमत मोठ्या खरेदीत आहे. ती मला एका मिक्सरने शिकवली.

मिक्सर दिवाळीत घेतलेला, डोंबिवली स्टेशनजवळच्या एका दुकानातून. मोटरला पाच वर्षांची वॉरंटी. चौथ्या वर्षी इडलीचं पीठ वाटता वाटता त्यातून जळका वास आला आणि तो बंद पडला. कंपनीचं सर्व्हिस सेंटर ठाण्यात. सकाळच्या गर्दीत मिक्सर घेऊन चढणं शक्यच नव्हतं, म्हणून दुपारची धिमी लोकल पकडली आणि कापडी पिशवी मांडीवर ठेवून ठाणं गाठलं. काउंटरवरच्या मुलाने मिक्सर बाजूला ठेवला आणि आधी बिल मागितलं. बिल होतं. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, वॉरंटी कार्डाला टाचून, व्यवस्थित. त्याने ते उलगडलं, ट्यूबलाइटखाली धरलं, तिरकं केलं, पालथं केलं. मागच्या बाजूला दुकानाच्या दिवाळी सेलची जाहिरात होती, ती लालभडक शाबूत. पुढची बाजू पिवळट कोरी. अगदी डोळे ताणून बघितलं तर तळाशी एका आकड्याची सावली दिसत होती, तो तीन की आठ यावर आमचं दोघांचं एकमत होईना.

“मॅडम, याच्यावर काहीच नाहीये.”

मी फोन काढला. बँकेची नोंद शोधली. तारीख होती, रक्कम होती, दुकानाचं नाव होतं. त्याने शांतपणे वाचलं आणि विचारलं, “यात मिक्सर कुठे लिहिलंय?”

मला त्या मुलाचा राग आला नाही. मुद्दा बिनतोड होता. त्या नोंदीवरून मी त्या दुकानात पैसे दिले एवढंच कळत होतं. मिक्सर घेतला की मिठाईचे डबे, कोणतं मॉडेल, कोणता सीरियल नंबर, यातलं काही नाही. बिल नसेल तर मिक्सरच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवरची, म्हणजे कारखान्यात तो तयार झाल्याची तारीख धरतात, असं त्याने सांगितलं. आमचा मिक्सर दुकानाच्या माळ्यावर वर्षाहून जास्त पडून राहिलेला निघाला. त्या हिशेबाने वॉरंटी संपलेली.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या दुकानात. मालक भला माणूस. “ताई, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, पण आमचा टॅलीवाला शनिवारी येतो.” शनिवारी टॅलीवाला आला, त्याने माझ्या बँकेच्या नोंदीतली तारीख आणि रक्कम घालून बिल शोधलं, साध्या जाड कागदावर छापलं आणि वर ‘डुप्लिकेट’ असा शिक्का मारला. मोटर फुकट बदलून मिळाली. म्हणजे फोनची नोंद अगदीच वाया गेली नाही. तिने बिल शोधून दिलं. बिलाची जागा मात्र तिला घेता आली नाही.

ही कोरी होणारी बिलं हा काय प्रकार आहे, हे त्या शनिवारी मालकांनीच समजावून सांगितलं. त्या छोट्या मशीनमध्ये शाईच नसते. कागदावर रसायनाचा थर असतो, मशीन तापलेल्या टोकाने तो जिथे भाजेल तिथे अक्षर काळं उमटतं. शाई नको, रिबन नको, म्हणून दुकानदाराला परवडतं. पण जे उष्णतेने उमटतं ते उष्णतेने, उजेडाने, तेलकट हाताने बिघडतंही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्लॅस्टिक. आपण जपून ठेवायचं म्हणून ज्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात बिल सरकवतो, त्यातली द्रव्यंच अक्षरं पुसून टाकतात. त्या थरात बिस्फेनॉल जातीची रसायनं वापरली जातात. युरोपीय संघाने त्यातल्या बिस्फेनॉल-ए वर या कागदापुरतं जानेवारी २०२० पासून कडक बंधन घातलं. आपल्याकडे अजून बाळं दुकानात ते बिल चघळत बसलेली दिसतात. हा कागद रद्दीतही घालू नये, साध्या कागदाच्या लगद्यात तो चालत नाही.

माझं माहेर नौपाड्यातलं. वडिलांनी दाराच्या मागे एक जाड तार टांगली होती, खाली आकडा वळवलेली. वीजबिल, किराण्याची यादी, शाळेच्या फीची पावती, सगळं तिच्यात खोचलं जायचं आणि वर्षअखेरीला त्याचा गठ्ठा बांधून ट्रंकेत. आईच्या बांगड्यांचं बिल त्यातच सापडलं. कार्बनची निळी नक्कल, सराफाच्या हातचं अक्षर, तोळे, गुंज, घडणावळ, सगळं लख्ख वाचता येतं. भाव वाचून मात्र घरातले सगळे हसले. पण म्हणून जुना कागद अमर होता, असं मी म्हणणार नाही. २६ जुलै २००५ ला कल्याणमध्ये किती तळमजल्यांत पाणी शिरलं आणि त्यात किती जणांच्या ट्रंका गेल्या, हे आमच्या भागात कुणालाही विचारा. सासूबाईंच्या बिलांचा आणि फोटोंचा एकत्र लगदा झाला होता. फोनमधली नोंद पुरात भिजत नाही, हे मुलीच्या बाजूचं माझ्या मते सगळ्यात भक्कम कलम.

तर मग बिल फोनवरच घ्यावं की! मी घेऊन पाहिलं. ठाण्याच्या एका मॉलमध्ये कुडता घेतला. गल्ल्यावरच्या मुलीने वर न बघताच विचारलं, “मोबाइल नंबर?” मी म्हटलं, नाही द्यायचा. “मॅम, सिस्टिम पुढे जात नाही.” केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच सांगितलंय की बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका. हे मी तिला सांगितलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि नऊ हा आकडा दहा वेळा दाबला. सिस्टिम पुढे गेली. ही युक्ती गल्ल्यावरच्या सगळ्या मुलामुलींना पाठ असते, हे मला नंतर कळलं. ते बिल त्या नऊ-नऊ-नऊच्या फोनवर गेलं असणार! मी कागदच घेतला.

माझ्या बहिणीने दुसऱ्या एका दुकानात नंबर दिला. बिलाची लिंक आली. लहान पडलेला ड्रेस बदलायला ती पंधरवड्याने गेली, तेव्हा लिंक उघडेना. बिल गेलं, पण ‘आज शेवटचा दिवस’चे मेसेज तिला अजून येतात. माझा फोनवरच्या बिलावर आक्षेप नाही. कायद्यालाही इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून चालते. आक्षेप आहे तो बिल त्यांच्याकडे ठेवून मला त्याची फक्त वाट दाखवण्यावर. फाइल द्या, माझ्याजवळ राहू द्या, आणि बदल्यात माझा नंबर मागू नका. फ्रान्सने ऑगस्ट २०२३ पासून दुकानात आपोआप बिल छापणं बंद केलं. पण तिथेही गिऱ्हाइकाने मागितलं की छापून द्यावं लागतं. ही विभागणी मला पटते.

आता कच्च्या बिलाबद्दल. घराचं बाथरूम नव्याने करायला काढलं तेव्हा नळ, शॉवर, टाइल्स घ्यायला आम्ही कल्याणमध्येच फिरलो. दर ठरले की प्रश्न यायचा, “विथ बिल की विदाउट?” विथ म्हणजे वर अठरा टक्के. विदाउट म्हणजे एक पिवळा कागद. त्याच्या माथ्यावर ‘एस्टिमेट’ असं छापलेलं, दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. ‘नळ ४ नग’ आणि पुढे आकडा. एस्टिमेट म्हणजे अंदाज, आणि दुकानदार तर रोख पैसे मोजून घेत होता. नवरा हिशेबी माणूस, तो अठरा टक्के वाचवायच्या बाजूने. मी पक्क्या बिलावर अडून बसले आणि त्या दिवशी घरी कुणी कुणाशी बोललं नाही. पण एक नळ पहिल्याच महिन्यात गळायला लागला. पक्कं बिल घेऊन गेलो आणि बदलून मिळाला. पिवळ्या कागदावर तो दुकानदार ‘हा आमचा नळच नाही’ म्हणाला असता तर आम्ही काय दाखवणार होतो?

बिल मागण्याची सवय लागावी म्हणून केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘मेरा बिल मेरा अधिकार’ नावाची सोडत काढली होती. दोनशे रुपयांवरचं बिल अ‍ॅपवर चढवायचं, बक्षीस एक कोटीपर्यंत. ती ज्या राज्यांत लागू होती त्यांच्या यादीत शेजारचं गुजरात होतं, महाराष्ट्र नव्हता. नाहीतर नवरा पहिल्या दिवसापासून पक्क्या बिलाच्या बाजूने बोलला असता.

बिल नीट वाचण्याचा फायदा मला सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. २२ तारखेपासून टूथपेस्ट, साबण, शाम्पू, केसांचं तेल यांवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला. मी आधीच्या महिन्याचं आणि नंतरचं अशी दोन बिलं ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि एकेक ओळ जुळवली. तेल उतरलं होतं, साबण उतरला होता. एका टूथपेस्टचा भाव होता तिथेच. दुकानात विचारलं तर “जुना स्टॉक” असं उत्तर मिळालं. बिल पुढे ठेवल्यावर मात्र फरकाचे पैसे परत आले. फोनच्या नोंदीत फक्त एकूण रक्कम असते, तिच्यात ही टूथपेस्ट मला सापडलीच नसती.

औषधांचं मी वेगळं सांगायला नको. सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हा मेडिक्लेमवाल्यांनी केमिस्टची मूळ बिलं मागितली, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसकट. त्यातली गुळगुळीत कागदावरची मी त्याच संध्याकाळी झेरॉक्स करून घेतली. सोन्याचंही तसंच. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक असतो. तरी वजन, शुद्धता, घडणावळ वेगवेगळी लिहिलेलं बिल घेतल्याशिवाय पेढीची पायरी उतरू नये.

कायदा याबाबतीत आपल्या बाजूने आहे, हे बऱ्याच दुकानदारांना आणि त्याहून जास्त गिऱ्हाइकांना माहीत नसतं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. बिल किंवा पावती न देणं ही त्याच्या व्याख्येतच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलाच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं कितीही ठळक छापलेलं असलं, तरी माल सदोष निघाला तर ते वाक्य ढाल होत नाही. बिलावर मुदत दिली असेल तर तेवढ्या दिवसांत, नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, हीसुद्धा अनुचित प्रथाच. आपल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग ठाण्यात आहे, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही.

मुलीशी माझी तडजोड झाली आहे. भाजी, रिक्षा, चहा, किराणा यांचं बिल मी आणत नाही, किंवा वाचून झालं की टाकते. जिला वॉरंटी आहे, जी अंगावर घालायची आहे, जी औषध आहे किंवा भिंतीत बसणार आहे, अशा वस्तूचं बिल घ्यायचं. गुळगुळीत कागदावर असेल तर त्याच दिवशी तिने फोटो काढायचा आणि मी झेरॉक्स. मूळ बिल साध्या कागदी पाकिटात ठेवायचं. फोटोला नाव ती देते, ‘मिक्सर डोंबिवली’ असं. नाहीतर हजारो फोटोंतून शोधायचं कुणी?

तुम्हीही पुढच्या वेळी “बिल पाहिजे का?” या प्रश्नाला “हो, पक्कं द्या” म्हणा. मागूनही दिलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.