सुतळी आणि शाफ्ट

कोलकात्याचा बागबाजार घाट, सकाळ. चक्ररेल्वेचे रूळ ओलांडून मागे आलो, दक्षिणेला वळलो. थोडं चाललं की कुमारटुली, मूर्तिकारांची वस्ती. एक कारागीर बांबूच्या सांगाड्यावर पेंढा बसवून सुतळीचे वेढे देत होता. घट्ट, एकावर एक. आमच्या द्राक्षबागेतल्या फवारणीच्या ब्लोअरचा शाफ्ट आठवला आणि पुढचं काही नीट पाहवेना.

*

तो शाफ्ट फिरवतो ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागे इंजिनाच्या जोरावर फिरणारा दांडा. फेरे मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला नऊ. चार सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट सेकंदात मीटरभर कापड ओढतो. सांध्याच्या क्रॉसपाशी घेर मोठा, तिथे दुपटीहून जास्त. पदर, ओढणी, उपरण्याचं टोक. हात मागे घ्यायचं सुचेपर्यंत दोन वेढे पडलेले असतात.

*

नव्या शाफ्टवर प्लास्टिकची नळी असते, दोन्ही टोकांना फनेल, आत बेअरिंग, शिवाय बारीकशी साखळी. साखळी अडकवली की आत शाफ्ट फिरतो, नळी जागेवर राहते. ती साखळीच आधी हरवते.

*

मग कव्हरही जातं. का? ग्रीससाठी. क्रॉसचं ग्रीस-निप्पल फनेलच्या आत, तिथे ग्रीसगन पोचत नाही. फवारणीच्या दिवसांत पहाटेची घाई. कुणीतरी फनेल कापतो, उन्हाने तडकलेली नळी पुढच्या हंगामात आपणच गळते. याला शेतकऱ्याचा निष्काळजीपणा म्हणणं मला मुळीच मान्य नाही. रोजच्या कामाच्या आड येणारं कव्हर टिकत नाही. फनेल मागे सरकावं, ग्रीस भरावं, फनेल परत जागी अडकावं, अशी रचना काही शाफ्टांवर आहेच. ती सगळ्यात स्वस्त शाफ्टवरही हवी. आणि नळी प्लास्टिकचीच असेल, तर आपलं ऊन सोसणारी.

*

कारखान्यात यंत्र झाकण्याची सक्ती जुनी. 1881 चा फॅक्टरी कायदा शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांसाठी होता. धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालण्याची तरतूद त्यात होती. हुगळीकाठच्या मोठ्या ज्यूट गिरण्या त्यात आल्या. शेतातल्या मळणी यंत्रावर हात गमावणाऱ्यांसाठी भरपाईसह धोकादायक यंत्रांचा कायदा झाला 1983 साली. मध्ये 102 वर्षं.

*

संध्याकाळी घाटावरूनच दादाला फोन केला. ब्लोअरच्या शाफ्टवर कव्हर आहे का?

"होतं."

फनेलच्या काठापासून निप्पल किती आत यायचं, विचारलं. जुनं फनेल गोठ्यात पडलंय, धरून मोजतो म्हणाला. ट्रॅक्टर बंद कर, किल्ली खिशात ठेव, मग वाक, असं दोनदा सांगितलं.